लाखांच्या पेनात शाई भरतात तरी कशी?

2009 मध्ये माँ ब्लाँ कंपनीने महात्मा गांधींच्या नावाने 241 पेनांची एक आवृत्ती काढली. दांडीयात्रा 241 मैलांची, म्हणून हा आकडा. एका पेनाची किंमत 11 लाखांच्या वर! साधेपणाने जगलेल्या माणसाच्या नावावर एवढं महाग पेन, म्हणून वाद पेटला. केरळमधून प्रकरण कोर्टात गेलं आणि 2010 मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली.

गंमत म्हणजे गांधीजींनी स्वतः नावाजलेलं पेन वेगळंच होतं. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेलं ते स्वदेशी पेन जे. सी. कुमारप्पांमार्फत त्यांच्याकडे आलं. 1935 मध्ये त्यांनी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचं पत्र पाठवलं. रत्नमची ओळख आजही ड्रॉपरने शाई भरायच्या पेनांसाठीच आहे.

ड्रॉपरचं पेन म्हणजे आपल्या आई-बाबांनी शाळेत वापरलेलं. आटे फिरवून पेन उघडायचं आणि पोकळ नळीत शाई ओतायची. आत यंत्र नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही आणि शाई भरपूर मावते. मग ते खिशात गळायचं का? शाई संपत आली की नळीत हवा जास्त होते. हाताच्या उबेने ती फुगते आणि उरलेली शाई निबेकडे ढकलते. शर्टावरचा डाग तिथून येतो.

मग पिस्टन आला. पेलिकनने 1929 मध्ये तो बाजारात आणला. पेनाची शेपटी फिरवली की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि पिचकारीसारखी शाई ओढली जाते. माँ ब्लाँच्या बऱ्याच लिमिटेड एडिशनमध्ये हीच पद्धत आहे.

व्हॅक्यूम फिलर त्याहून भारी. मागची दांडी ओढायची, निब शाईत बुडवायची आणि दांडी एका दमात आत ढकलायची. दट्ट्यामागे पोकळी तयार होते. शेवटी नळी जिथे रुंद होते तिथे दट्ट्याची पकड सुटते आणि शाई झपकन आत शिरते. पायलटचं कस्टम 823 असंच भरतं.

आणि जपानी नामिकीचं एम्परर? त्यावर सोन्याची पूड वापरून केलेलं माकी-ए नक्षीकाम असतं, किंमत लाखांत. शाई मात्र ड्रॉपरनेच! फक्त शेपटीचं टोक फिरवून उघडबंद होणारा, शाई अडवणारा व्हॉल्व्ह आत असतो.

मग कन्व्हर्टर? निबेमागे खोचायची ती छोटी नळी. बहुतेकींत एक मिलिलिटरही शाई मावत नाही, म्हणून महागड्या पेनात ती दिसली की शौकीन नाक मुरडतात. खरं तर रोज लिहिणाऱ्यासाठी तीच सोयीची. बिघडली तर काही शे रुपयांत नवी मिळते. पिस्टनमध्ये शाई वाळून दट्ट्या अडकला की पेन दुरुस्तीला पाठवावं लागू शकतं. म्हणून असं पेन घेताना आधी दुरुस्ती कुठे होते ते विचारा. आणि पेन महिनोन्‌महिने पडून राहणार असेल, तर शाई काढून साध्या पाण्याने धुऊनच ठेवा.