कलावंतांना कराची सवलत कशासाठी?

चौकाहून कर्जतकडे निघाले की वाटेत एक चित्रनगरी लागते. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी ती 2005 साली सुरू केली. ‘जोधा अकबर’ चित्रपटाचा महाल इथेच उभा राहिला. पडद्यावर आपल्याला राजाराणी दिसली. पण महाल उभा केला तो सुतार, रंगारी आणि गवंड्यांनी. एका चित्रपटामागे असे कितीतरी हात राबतात. म्हणूनच राज्ये आणि शहरे कलावंतांना ‘आमच्याकडे या’ म्हणतात, आणि बोलावण्याबरोबर कराची सवलत देऊ करतात.

ही सवलत मिळते कशी? पूर्वी तिकिटावर करमणूक कर असे. मराठी चित्रपटाचा हा कर निर्मात्याला पुढील चित्रपटासाठी परत देण्याची योजना महाराष्ट्राने 1970 नंतरच्या दशकात आणली. 1 जुलै 2017 पासून हा कर वस्तू व सेवा करात मिसळला. त्यातला निम्मा वाटा राज्याचा, निम्मा केंद्राचा. समजा, तिकिटावर 18 रुपये कर बसला, तर राज्याला सोडता येतात ते आपले 9 रुपये.

आता शहराचे पाहा. प्राप्तिकर दिल्लीचा. नगरपालिकेच्या हाती घरपट्टीसारखे करच तेवढे. आयर्लंडने 1969 साली लेखक, चित्रकार, संगीतकारांच्या कलेच्या कमाईवरचा प्राप्तिकर माफ केला. आज त्याला वर्षाला 50,000 युरोंची मर्यादा आहे. ते देशाला जमले, आपल्या एखाद्या शहराला जमणार नाही.

पण कलावंत केवळ सवलतीला भुलून येतो का? ‘प्रभात’ कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि 1933 साली पुण्यास गेली. तिथे तिने प्रशस्त स्टुडिओ बांधला. त्याच जागेवर 1960 साली चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था आली, आणि नवे शिकणारे तिथे येतच राहिले. सवलत पाहुण्याला दारापर्यंत आणते. घरात ठेवते ते काम, शिक्षण आणि शेजार.

आणि सोडलेला कर कोणाचा? तुमचाआमचाच. त्यातून शाळेची खोली झाली असती, गावचा रस्ता झाला असता. म्हणून सवलत जाहीर झाली की गावाने दोन प्रश्न जरूर विचारावेत : आमच्या किती मुलांना काम मिळणार? आणि चित्रीकरण संपल्यावर त्यांच्या हाती कोणते कसब उरणार? उत्तर चोख मिळाले, तर सोडलेला पैसा पेरलेल्या बियाण्यासारखा उगवून येईल. नाही तर महाल उतरवला जाईल, आणि आपल्या पदरी नुसता भुसा उरेल.