पत्र्याच्या गॅरेजचं वर्कशॉप करताय? आधी वर बघा

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात भरदुपारी पत्र्याखाली रंधा मारणं म्हणजे शिक्षाच. ऊन डोक्यावरून येतं, म्हणून पैसे आधी छतावर घाला. भिंतींचं नंतर बघू. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पत्र्याला बाहेरून पांढरा परावर्तक रंग. आतून चकचकीत फॉइल लावणार असाल, तर पत्रा आणि फॉइल यांच्यात निदान इंचभर मोकळी हवा ठेवा. फॉइल किरणांची उष्णता परतवतं, स्पर्शाने येणारी नाही. मधे चेपलं गेलं की खर्च वाया. त्याखाली रॉकवूल भरलंत तर उत्तम: ते पेटत नाही आणि पावसाचा ताशाही मंदावतो. (हाताळताना मास्क, हातमोजे हवेतच.) थर्माकोल स्वस्त मिळतो, पण ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे उघडा थर्माकोल? मी तरी नाही लावणार.

भिंतींना आतून 12 मिमी प्लाय मारा, हवा तिथे स्क्रू बसतो. खालचा वीतभर भाग मात्र सिमेंट बोर्डचा. ओल आणि वाळवी तिथूनच चढते. वायरिंग अर्थातच प्लायच्या आधी.