खरी भीती एका बाणाची

मिरचीचा हंगाम सुरू झाला की नंदुरबारात कामांची यादी लांबतच जाते. मिरची वाळवायच्या पथारीसाठी मजूर सांगायचे, ताडपत्री आणायची, गाडीभाडं चुकतं करायचं. माझी यादी वहीत नाही आणि कुठल्या ॲपमध्येही नाही. ती संगणकावरच्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये आहे आणि मी ती काळ्या पडद्यावर, म्हणजे कमांड लाइनवर, चालवतो. ते दिसलं की बघणाऱ्यांचे शेरे ठरलेले असतात.

पहिला शेरा: ‘हे प्रोग्रामरचं काम.’ तसं काही नाही. चार शब्द पुरतात. ‘एको’ लिहायचं, अवतरणचिन्हांत काम, पुढे दोन बाण आणि फाइलचं नाव; ओळ यादीच्या तळाशी जाऊन बसते. ‘कॅट’ यादी दाखवतं, ‘ग्रेप’ हवी ती ओळ शोधतं, ‘सॉर्ट’ क्रम लावतं. १९७०च्या दशकातल्या युनिक्सपासून हे शब्द चालत आले आहेत. दर सहा महिन्यांनी चेहरामोहरा बदलणाऱ्या ॲपपेक्षा ते शिकणं मला तरी सोपं गेलं.

‘साध्या मजकुरात महत्त्वाचं काम कसं ओळखायचं?’ याचं उत्तर २००६ मध्ये जीना ट्रपानी यांनी दिलं. त्यांच्या ‘टूडू डॉट टीएक्सटी’ पद्धतीत एका ओळीत एकच काम. निकडीच्या कामाआधी कंसात इंग्रजी मोठा ‘ए’, त्याखालच्याला ‘बी’. अधिकचं चिन्ह लावलेला शब्द म्हणजे प्रकल्प, ‘ॲट’चं चिन्ह लावलेला म्हणजे ठिकाण. ‘+मिरची’ शोधलं की मिरचीची सगळी कामं समोर येतात. काम झालं की ओळीच्या सुरुवातीला छोटा ‘एक्स’ आणि एक मोकळी जागा. वहीतल्या ओळीवर रेघ मारतो, तेच.

‘पण मराठी चालत नाही ना?’ चालतं, अगदी व्यवस्थित. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘मिरची’ शब्दात वेलांट्या धरून पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. कधी पडद्यावर जोडाक्षर तुटलेलं दिसतं, पण तो दोष दाखवणाऱ्या खिडकीचा असतो; फाइलमधला मजकूर शाबूत असतो. खरी गंमत क्रम लावताना होते. देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांनंतर येतात. त्यामुळे ‘एक्स’ लावलेली झालेली कामं वर राहतात आणि निकडीचं अक्षर न लावलेली बाकी कामं त्यांच्याखाली जातात. म्हणून झालेल्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये हलवाव्यात. या पद्धतीसाठी लिहिलेली ‘टूडू डॉट एसएच’ ही छोटी स्क्रिप्ट ते आपोआप करते.

इंटरनेट? लागतच नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तरी तोरणमाळचा घाट चढताना रेंजवर विसंबून कोणी कामं ठरवत नाही. ही फाइल तिथंही उघडते. पन्नास-पन्नास अक्षरांच्या हजार ओळी लिहिल्या तरी ती साधारण दीडशे केबी भरेल.

धोका आहे, पण लोक म्हणतात तिथं नाही. ओळ जोडायला दोन बाण लागतात. एकच बाण दिला तर जुनी फाइल पुसली जाते आणि नवी ओळ तेवढी उरते. ना विचारणा, ना कचरापेटी. ऐन हंगामात माझ्या बोटाने एक बाण गाळला आणि महिन्याभराच्या यादीत ‘ताडपत्री आणणे’ एवढंच उरलं. तेव्हापासून बॅशच्या, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये ‘सेट -ओ नोक्लॉबर’ ही ओळ टाकली आहे; आता एका बाणाला संगणक नकार देतो. शिवाय रोज रात्री फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर जाते.

अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स या कमांड लाइनच्या ॲपमध्येही हे सारं चालतं. मात्र टर्मक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल ॲप काढून टाकलं की जाते, तेव्हा तिची प्रत बाहेर ठेवा.

एक तक्रार मात्र खरी: ही यादी आठवण करून देत नाही. अवकाळी पावसाआधी ताडपत्री पथारीवर पोचायला हवी असेल, तर गजर मोबाइलवरच लावा. फाइल वाजत नाही.