दोष आढळला नाही!

लग्नकार्यात कोणी "आपण काय करता?" असे विचारले, की मी जरा बिचकतोच. "विमान कंपनीत असतो," म्हणताच समोरच्या गृहस्थांचे डोळे लकाकतात.

"वैमानिक?"

"छे हो! विमानातली वीज, रेडिओ, उंची नि वेग सांगणारी यंत्रे, ती मी सांभाळतो."

"अस्सं! म्हणजे वायरमन!" असे म्हणून ते गृहस्थ जिलेबीकडे वळतात.

त्यांचे फारसे चुकत नाही. आमच्या खात्याला 'एव्हिऑनिक्स' असे भारदस्त नाव असले, तरी निम्मे आयुष्य वायरींच्या जंजाळातच जाते. रात्री विमान मुंबईला उतरते. वैमानिक आपली तक्रार नोंदवहीत लिहून घरी जातो आणि पहाटेच्या उड्डाणापूर्वी तिचे निवारण करून आम्ही खाली सही करायची. पण हे दोष मोठे लबाड! वर थंडी आणि हादरे असले, की डोके वर काढतात. जमिनीवर तपासायला जावे, तर डॉक्टरांच्या दारात दाढ दुखायची थांबावी तसे गडप! अशा वेळी लिहायला एक सोयीचे वाक्य आहे : 'तपासणी केली. दोष आढळला नाही.'

२००८ च्या पावसाळ्यात, परवाना मिळून जेमतेम वर्ष झाले असताना, मी ते लिहिले. तक्रार होती रेडिओ अल्टिमीटरची. हे यंत्र विमानाच्या पोटाखालून जमिनीकडे रेडिओलहरी सोडते आणि परत येणाऱ्या लहरींवरून उंची सांगते. सुमारे २,५०० फुटांच्या खाली, म्हणजे नेमके उतरतानाच त्याचे काम. डावीकडचा आकडा मध्येच उडतो, असे वैमानिकाने लिहिले होते. मी यंत्राची पेटी तपासली, तर ती ठणठणीत! बाहेर धो धो पाऊस, घड्याळात चार वाजलेले. केली सही.

दोन दिवसांनी तेच विमान, तीच तक्रार. पेटी बदलली, पुन्हा सही. आठवड्याने पुन्हा तेच! तेव्हा आमचे मुख्य इंजिनियर, ज्यांना आम्ही सारे 'काका' म्हणत असू, नोंदवही घेऊन आले.

"अरे, दोन्ही सह्या तुझ्याच की! दोष आढळला नाही, की तू शोधलाच नाहीस?"

मान खाली घालून मी विमानाच्या पोटाखाली शिरलो. अँटेना उतरवला, केबलची जोडणी उघडली आणि तिच्यातून पाण्याचे दोन थेंब माझ्या मनगटावर पडले. पेटी बिचारी निर्दोष होती! जोडणी आणि केबल बदलली, तक्रार संपली.

पुढे २५ फेब्रुवारी २००९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमला उतरताना एक बोइंग ७३७ कोसळले. १३५ जणांपैकी ९ जण दगावले. विमान सुमारे १,९५० फुटांवर असताना डाव्या रेडिओ अल्टिमीटरने उणे ८ फूट उंची दाखवली. विमान टेकलेच, असे समजून स्वयंचलित यंत्रणेने इंजिनांची शक्ती उतरवली. वेग घटतो आहे, हे वैमानिकांच्या वेळीच ध्यानात आले नाही. आधीच्या उड्डाणांतही या यंत्राने असाच दगा दिला होता, असे तपासात निघाले. तिथले कारण काय असेल ते असो. वाचता वाचता माझ्या हातातला चहा निवून गेला. माझ्या त्या दोन सह्यांनंतर कुणाला काही झाले नाही, यात माझे कर्तृत्व काडीचेही नव्हते.

दिवाळीत मी बहुधा रात्रपाळीलाच असतो. "अहो, लक्ष्मीपूजनाला तरी?" असे म्हणत सौभाग्यवती चिवड्याचा डबा हाती देते. उजाडता उजाडता विमान भरते. कुणी भाऊबीजेला निघालेला असतो, कुणी लेकीचा पहिला दिवाळसण करायला. 'दोष आढळला नाही' हे वाक्य आजही कधीमधी लिहावेच लागते. पण ते लिहिण्यापूर्वी मी एकदा विमानाच्या पोटाखाली जाऊन येतो.