सुजलेला डोळा : जंतू की दाह?

आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांच्या सभा भरविण्यात आमचे आयुष्य गेले. वैद्यकातले जे थोडे कळते, ते आजारी सोबत्यांजवळ रुग्णालयाच्या बाकावर बसून आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून.

आमच्या एका सोबत्याचा डोळा सुजला. खाडा पडू नये म्हणून तो दोन दिवस कामावर आला. तिसऱ्या दिवशी त्या डोळ्याने दिसेनासे झाले. नाकाशेजारच्या पोकळीतला पू डोळ्यामागे उतरला होता. शस्त्रक्रिया झाली, डोळा राहिला. नजर मात्र पुरती परतली नाही.

डोळ्याच्या खोबणीच्या दारात एक पातळ पडदा असतो. सूज त्याच्या पुढे असेल तर पापणी सुजते, पण डोळा नीट फिरतो आणि दिसतेही. सूज पडद्यामागे असेल तर डोळा पुढे येतो, फिरविताना दुखतो, एकाचे दोन दिसतात, नजर मंदावते. असे झाले की घटकाभरही थांबू नये.

पडद्यामागची सूज मुख्यतः दोन प्रकारची. एकीत बाहेरचे जंतू शिरलेले असतात. बहुधा सायनसमधून, कारण मधले हाड कागदासारखे पातळ असते. दुसरीत शरीराचे रखवालदारच आपल्या घरावर उलटतात. थायरॉईडच्या विकारात असे होते, कधी कारण सापडतही नाही.

हा भेद का करावयाचा? जंतूंवर शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात, दाहावर पुष्कळदा स्टिरॉईड. जंतू असताना नुसते स्टिरॉईड दिले तर रखवालदारांचेच हात बांधले जातात. 2021 साली काळ्या बुरशीने हा धडा साऱ्या देशाला दिला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉईड यांची जोडी अनेकांना भोवली.

ताप, सर्दी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची वाढ, सीटी स्कॅनमध्ये भरलेले सायनस, ही जंतूंची खूण. ताप नाही, दोन्ही डोळे धरले आहेत, पूर्वीही असे झाले आहे, तर दाहाचा संशय. पण एकाच खुणेवर निकाल देता येत नाही. मधुमेही किंवा वृद्ध माणसाला जंतू असूनही कधी कधी ताप नसतो. म्हणून शंका असेल तेथे डॉक्टर प्रथम जंतू गृहीत धरून उपचार करतात आणि बारकाईने लक्ष ठेवतात. स्टिरॉईडने सूज उतरली म्हणजे दाहच होता, असेही नव्हे; काही कर्करोगांची सूजही त्याने तात्पुरती उतरते.

तेव्हा मंडळी, घरात उरलेली गोळी घेऊ नका. मधुमेह असेल तर तो आधी सांगा. खाडा भरून काढता येतो. गेलेली नजर भरून निघत नाही.