आचार्य अत्रे यांचा विनोद व त्याचीं साधनें

सनदा, महजर, वंशावळी व पोथ्या यांचें मोल आपल्या मंडळाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु जुन्या नाटकाचें हस्तपत्रक किंवा बोलपटाच्या पदांची पुस्तिका हातीं आली, तर तीस तोच मान द्यावयास आपण कचरतों. हा भेद निराधार आहे, हें प्रल्हाद केशव अत्रे यांच्या चरित्राच्या आधारें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजीं सासवडनजीकच्या कोढीत गांवीं झाला. पेशा शिक्षकाचा, पुण्याच्या कँपांतील शाळेचे ते मुख्याध्यापक होते, व १९२८ सालीं त्यांनीं लंडन येथें अध्यापनाची पदविका मिळविली. विनोदांतील त्यांची गुरुपरंपरा स्पष्ट आहे: श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी, व गडकऱ्यांस गुरु मानणारे अत्रे. १९२५ सालीं ‘केशवकुमार’ या नांवानें त्यांनीं ‘झेंडूचीं फुलें’ हा विडंबनकाव्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढें बोलपटानें नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक ओढून नेला असतां, १९३३ सालीं ‘बालमोहन’ मंडळीनें त्यांचें ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणलें व प्रेक्षागृहें पुन्हां भरलीं. ‘भ्रमाचा भोपळा’ (१९३५) व ‘लग्नाची बेडी’ (१९३६) हीं नाटकें त्यामागून आलीं. मग बोलपटाचीही लेखणी त्यांनीं हातीं घेतली. मास्टर विनायक यांनीं दिग्दर्शित केलेले ‘ब्रह्मचारी’ (१९३८) व ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) हे त्यांच्याच लेखणीचे. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ या त्यांच्या चित्रपटास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. १३ जून १९६९ रोजीं ते निवर्तले.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. भरतमुनींनीं विकृत वेष, आकार, वाणी व चेष्टा हे हास्याचे विभाव सांगितले आहेत. यांपैकीं कांहीं सार्वकालिक असतात. ब्रँडन टॉमस यांच्या १८९२ सालच्या इंग्रजी प्रहसनावरून अत्रे यांनीं १९४७ सालीं ‘मोरूची मावशी’ रचलें. पुरुष लुगडें नेसून मावशी म्हणून वावरूं लागला, कीं त्यावर टीकेची गरज उरत नाहीं. म्हणूनच अनेक दशकांनंतरही तें नाटक तितक्याच जोमानें चाललें.

दुसरे विभाव मात्र काळाशीं बांधलेले असतात. ‘साष्टांग नमस्कार’ मधील रावबहादुरांस नमस्कारांचें वेड आहे. औंधाचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि हे त्या काळीं सूर्यनमस्काराचा हिरिरीनें प्रसार करीत होते, हें ठाऊक नसलेला वाचक हंसेल खरा, पण अर्धाच. ‘झेंडूचीं फुलें’ यांचें मर्म कळण्यास १९२३ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाची कविता परिचित असावी लागते. मल्लिनाथावांचून कालिदास समजूं शकेल. पण टीकेवांचून प्रहसन पन्नास वर्षांत मुकें होतें.

ही टीका लिहावयास साधनें कोणतीं? छापील पुस्तक संवाद देतें, प्रसंग देत नाहीं. हस्तपत्रकावरून तारीख, गांव, नटसंच व तिकिटाचे दर समजतात. प्रॉम्प्टरच्या प्रतींतील खाडाखोडीवरून कोणतें वाक्य गाळलें व कोणतें नवें घातलें, हें उमगतें. तिचें पाठभेदाच्या दृष्टीनें महत्त्व हस्तलिखित पोथीहून कमी नाहीं. बोलपटाच्या पुस्तिकेंत कथासार व पदें असतात. पुण्यांत चित्रपट-संग्रहाच्या नायट्रेट फितींच्या कोठारास २००३ सालीं आग लागून कित्येक जुने बोलपट भस्मसात झाले. जेथें फीत गेली, तेथें ती चार पानांची पुस्तिकाच कदाचित् एकमेव साक्षीदार ठरते.

परभणी जिल्ह्यास याचें विशेष महत्त्व आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता व शाळांत उर्दूचा अंमल होता. अशा वेळीं पुण्या-मुंबईचें नाट्यपत्रक सेलूच्या किंवा गंगाखेडच्या एखाद्या वाड्यांत आढळलें, तर राज्याची सीमा ओलांडून मराठी हास्य येथवर पोंचत होतें, याचा तो लेखी पुरावा होय. मात्र कागद कोणत्या घरीं, कोणत्या गांवीं व कोणत्या दप्तरांत मिळाला, याची नोंद नसेल, तर हा पुरावा व्यर्थ जातो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी: पत्रकाच्या कडा कापूं नयेत, तें डिंकानें वहींत चिकटवूं नये, व प्राप्तिस्थान त्याच दिवशीं वेगळ्या चिठीवर लिहून तें सोबत ठेवावें. जुन्या ट्रंका रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वीं एकदां उघडून पाहाव्या. पोथी टिकविणारीं घराणीं आपल्याकडे आहेत. हस्तपत्रक टिकविणारें कोणीच नाहीं.