चाळीस घरांची नोंदवही

समोर नाणे आहे. छापा पडो की काटा, तुम्हाला पन्नास रुपये नक्की मिळतील. हा पहिला पर्याय. मधल्या एकात छाप्याला तीस रुपये, काट्याला दीडशे. शेवटच्या पर्यायात छाप्याला काहीच नाही आणि काट्याला दोनशे. मधले आणखी काही पर्याय याच चढत्या धोक्याचे. निवडा, मग नाणे उडवू. पैसे खरे आहेत आणि ते तुमचेच.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात सोलापूर, अकोला आणि महबूबनगर या जिल्ह्यांतल्या गावांत शेतकऱ्यांपुढे हा खेळ मांडला गेला. मांडणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव हान्स बिन्स्वांगर. खेळ अर्ध्या रुपयापासून सुरू होई आणि काही आठवड्यांत वाढत वाढत पन्नास रुपयांच्या पातळीवर जाई. तिथली सर्वांत मोठी रक्कम अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा अधिक होती, त्यामुळे निवड करताना कोणी थट्टेवारी नेण्याचा प्रश्नच नव्हता. 1980 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : रक्कम मोठी झाली की जवळजवळ सगळेच बेताची सावधगिरी बाळगतात, आणि गरीब व सधन शेतकऱ्यांच्या सावधगिरीत सांगण्यासारखा फरक नसतो.

नवे बियाणे घेत नाही, खत टाकत नाही, म्हणजे लहान शेतकरी स्वभावानेच भित्रा, हे तोवर कृषिखात्यापासून विद्यापीठांपर्यंत गृहीतच धरलेले होते. या खेळाने त्याला तडा दिला. धाडस दोघांचेही सारखेच. फरक आहे तो कर्ज कोणाला मिळते आणि बुडालेला हंगाम कोणाला परवडतो यात. भारतीय शेतीवर झालेल्या संशोधनातली इतकी न्याय्य आणि इतकी कमी लोकांना ठाऊक असलेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही. ज्या अभ्यासाच्या अंगणात हा प्रयोग झाला, त्याची मराठी वाचकाला ओळख व्हायला हवी, कारण त्याची पहिली सहा गावे निवडली गेली तेव्हा त्यांतली चार महाराष्ट्रातली होती.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 1972 साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग ही तिची पिके. पावसावर जगणारा अर्धशुष्क प्रदेश हे तिचे क्षेत्र. शास्त्रज्ञ वाण तयार करणार, अवजारे बनवणार, मशागतीच्या पद्धती सुचवणार. पण ज्याच्यासाठी हे करायचे त्या माणसाचे घर कसे चालते, हे संस्थेत कोणाला नीट माहीत नव्हते. म्हणून 1975 च्या मे महिन्यात ग्रामपातळीवरचा अभ्यास सुरू झाला. महबूबनगरमधली औरेपल्ले आणि डोकूर, सोलापुरातली शिरापूर आणि कळमण, अकोल्यातली कंझरा आणि किनखेडा. मोठ्या शहराच्या किंवा हमरस्त्याच्या छायेतली, सरकारी योजनांनी आधीच बदललेली गावे मुद्दाम टाळली. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबे : दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान, दहा मध्यम आणि दहा मोठ्या शेतकऱ्यांची. एकूण दोनशे चाळीस घरे.

शेती-अर्थशास्त्र शिकलेला, खेड्यातच वाढलेला एक अन्वेषक प्रत्येक गावात राहायला गेला. तालुक्याला राहून येजा करायची नाही, गावातच बिऱ्हाड करायचे. दर तीन-चार आठवड्यांनी तो त्याच चाळीस घरी जाई आणि मागच्या भेटीपासूनचा हिशेब विचारी. कोणत्या तुकड्यात काय पेरले, पाभर कोणाची, बैल स्वतःचे की सावडीने, खुरपणीला किती बायका, मजुरी रोख की धान्यात, उसने काय आणले, काय फेडले, कोंबडी विकली का, पाहुणे आले का. घरातल्या प्रत्येकाचे काम आणि शेताचा प्रत्येक तुकडा वेगळा नोंदला जाई. पुढच्या भेटीत तेच प्रश्न, पुढच्या वर्षी तेच, आणि काही गावांत 1985 पर्यंत तेच.

एकदाच येऊन प्रश्नावली भरून नेणाऱ्याला असे काही कळत नाही. सावकाराचे देणे माणूस पहिल्या भेटीत सांगत नाही, सालगड्याला दिलेली उचल मालक सांगत नाही, आणि बाईने दिवसभर केलेल्या कामाला घरातला पुरुष काम म्हणतच नाही. पाचव्या-सहाव्या भेटीनंतर, एखाद्या लग्नात पंगतीला बसल्यावर, एखाद्या मयताला खांदा दिल्यावर उत्तरे बदलू लागतात. या अभ्यासावरच्या शोधनिबंधांत लेखकांची नावे आहेत. आकडे गोळा करणारे अन्वेषक तळटीपेतल्या आभारांत आहेत. खरे तर त्यांच्या चिकाटीवरच सगळा डोलारा उभा आहे.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नव्हती. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा केलेला अभ्यास 1917 साली छापला गेला. पिढ्यानपिढ्यांच्या वाटण्यांत जमिनीचे किती तुकडे झाले, हे त्यांनी जुन्या नोंदींवरून दाखवले : 1771 साली सरासरी चाळीस एकरांचे असलेले खाते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सात एकरांवर आले होते. आज त्या शिवारात पिंपरी-चिंचवडच्या इमारती आहेत. मान यांनी 1921 साली जातेगाव बुद्रुकचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला तो एन. व्ही. कानिटकर यांच्यासोबत, आणि हेच कानिटकर पुढे सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधनाचे प्रमुख झाले. गावाचा अभ्यास करणारा माणूस नंतर मातीतल्या ओलाव्याकडे वळतो, यात मला एक सलगता दिसते. इक्रिसॅटचे शास्त्रज्ञ तोच रस्ता उलट्या दिशेने चालले. मातीकडून ते घराकडे आले.

शिरापूरच्या काळ्या रानाने त्यांना पहिला धडा दिला. सोलापुरात खोल काळी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवतात आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर, मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी पेरतात. मोहोळच्या केंद्रात 1930 च्या दशकात निवडलेली मालदांडी अजूनही लोकांच्या मनातून उतरलेली नाही. भाकरी गोड आणि कडबा भरघोस. पाटणचेरूच्या शास्त्रज्ञांना पावसाळ्यात रिकामे पडलेले रान म्हणजे वाया गेलेला हंगाम वाटला. त्यांनी उपाय काढला : उताराला धरून रुंद वरंबे आणि सऱ्या पाडायच्या, जादा पाणी सरीतून वाहू द्यायचे, पावसाआधी कोरड्यातच पेरायचे आणि वर्षाला दोन पिके घ्यायची. संस्थेच्या प्रक्षेत्रावर उत्पन्न खरोखर वाढले.

शिरापूरला मात्र ते जमले नाही. तिथे जून-जुलैच्या पावसाचा भरवसा नसतो. कोरड्यात पेरलेले बी एका सरीने उगवायचे आणि पुढच्या उघडिपीत करपायचे. आणि पाऊस आलाच तर त्या चिकण जमिनीत आठ-आठ दिवस वाफसा येत नाही. रान मोकळे ठेवण्यात आळस नव्हता, पिढ्यांचा अनुभव होता. हे तंत्र जास्त खात्रीच्या पावसाच्या खोल काळ्या जमिनींसाठी आहे, हे संस्थेला मान्य करावे लागले. वरंबे पाडायला जे बैलगाड्यासारखे चाकांचे बहुउद्देशी अवजार आणले होते, ट्रॉपिकल्टर, तेही मागे पडले. ते मूळचे फ्रेंच घडणीचे, चांगल्या बांधणीचे. पण चार कामे एकाच महागड्या यंत्राने करण्यापेक्षा गावच्या सुतार-लोहाराकडून कुळव, पाभर आणि गाडी वेगवेगळी करून घेणे शेतकऱ्याला परवडत होते.

गोष्ट इथे संपत नाही. तीच कल्पना, रुंद वरंबा आणि सरी, काही दशकांनी ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या पेरणी यंत्राच्या रूपाने विदर्भ-मराठवाड्यात परतली, सोयाबीनसाठी. आज कृषी खाते ज्या बीबीएफचा प्रचार करते, तिचे कूळ हेच. जिथे पाऊस बरा आहे आणि पीकही योग्य आहे, तिथे ती चालते. शिरापूरच्या शेतकऱ्याने तिला नाकारले तेव्हा तो चूक नव्हता आणि आज यवतमाळ-वाशिमचा शेतकरी स्वीकारतो तोही चूक नाही. नव्या तंत्राला ‘विरोध’ हा शब्द कृषी विस्ताराच्या अहवालांतून कायमचा काढून टाकावा, असे मला वाटते.

दुसरा धडा ताटातला. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, म्हणून सुरुवातीला जास्त प्रथिनांची, जास्त लायसिनची ज्वारी पैदा करण्याचा विचार जोरात होता. मग याच गावांतल्या घरांत कोण काय आणि किती खातो, याची पाहणी झाली. माणसांना प्रथिनांची चणचण कमी आणि एकूण पोटभर अन्नाची जास्त होती; शिवाय अ आणि ब जीवनसत्त्वे व कॅल्शियम अपुरे होते. म्हणजे भाकरीतले प्रथिन वाढवण्याऐवजी भाकरीच वाढवायला हवी होती, जोडीला पालेभाजी आणि दूध. प्रथिनांचे उद्दिष्ट मागे पडले आणि उत्पादन व त्याचे स्थैर्य पुढे आले. प्रयोगशाळेची दिशा गावातल्या चुलीपुढच्या नोंदींनी बदलली, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुर्मीळ आहे.

सर्वांत जास्त मला गुंतवते ते दुष्काळाच्या हिशेबाचे प्रकरण. दहा वर्षांच्या नोंदी हाती आल्यावर जगभरचे अर्थशास्त्रज्ञ या गावांकडे वळले. रॉबर्ट टाउनसेंड यांनी औरेपल्ले, शिरापूर आणि कंझरा या तीन गावांच्या आकड्यांवर 1994 साली एक निबंध लिहिला. एका घराचे उत्पन्न एखाद्या वर्षी कोसळले तर त्या घराचा खाण्यापिण्याचा खर्च तितकाच कोसळतो का? त्यांना दिसले, की बराच कमी. घराचा खर्च स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर वरखाली होतो. उसनवारी, उधारी, सावड, भावकी, धान्याची देवघेव, यांच्या जाळ्याने पडणारे घर पुष्कळसे सावरले जाते. तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हे जाळे कमी पुरत होते, हेही त्याच निबंधात आहे. पुढे मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधरी यांनी तेच आकडे वेगळ्या तऱ्हेने मोजले आणि जाळे टाउनसेंड म्हणतात तितके घट्ट नाही, असे दाखवले. मला दुसरी बाजू अधिक पटते. गावाच्या एकोप्याचे कौतुक करताना त्या एकोप्यात कोणाला जागा नव्हती, हे सहज विसरले जाते. आणि पाऊस सगळ्यांनाच दगा देतो तेव्हा उसने द्यायला शेजाऱ्याच्या कणगीतही काही नसते.

अशा वेळी आधार गावाबाहेरचा लागतो. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी 1989 साली दाखवले, की ज्या शेतकरी घरांचे उत्पन्न जास्त अस्थिर, त्यांच्या घरातली लग्ने अधिक लांबच्या गावांशी जुळतात, आणि अशा सोयरिकी असलेल्या घरांच्या अन्नखर्चात चढउतार कमी होतात. आपल्याकडे पाऊस नाही तेव्हा व्याह्यांकडे असू शकतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे सिद्धांताविना माहीत होते. पण लेकीला लांब देण्यामागे घराची ही निकड होती, आणि ती किंमत लेकीने मोजली, हे आकड्यांतून वाचताना काळजात कळ येते.

बैलांचेही तसेच. दुष्काळात बैल विकून घर तगते. पण पुढच्या पेरणीला औत उरत नाही. रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी 1993 साली याच नोंदींवरून मांडले, की कर्ज मिळत नसल्यामुळे शेतकऱ्यांकडे गरजेपेक्षा कमी बैल राहतात. महाराष्ट्रातल्या गावांना या काळात एक आधार होता, तो रोजगार हमीचा. 1972 च्या दुष्काळातल्या कामांतून वाढलेल्या या योजनेचा कायदा 1979 पासून अमलात आला. थॉमस वॉकर आणि जेम्स रायन यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात या सगळ्या अभ्यासाचा आढावा घेतला. त्यात शिरापूर आणि कंझऱ्याच्या मजूर घरांना या कामांचा आधार कसा मिळाला, हे दिसते.

1985 नंतर मोठा खंड पडला. 2001 साली अन्वेषक पुन्हा त्याच गावांत गेले आणि 2009 पासून अभ्यास पूर्व भारत व बांगलादेशापर्यंत पोचून बेचाळीस गावांचा झाला. मधल्या काळात घरे फुटली, पोरे पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेली. विदर्भात सोयाबीन आले, कापसाचे बियाणे बदलले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, बोअरवेल खोल गेल्या. 1975 च्या घरांतले जे लोक गाव सोडून गेले, त्यांचाही माग 2000 नंतरच्या पाहणीत काढला गेला. गरिबी घटली आहे आणि जमिनीबाहेरची कमाई हे त्याचे एक मोठे कारण आहे, असे त्या आकड्यांतून दिसते.

या नोंदी आज कोणालाही वापरायला खुल्या आहेत. त्यांवर लिहिले गेले ते बहुतेक अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या विद्यापीठांत, इंग्रजीत. कंझरा अकोल्याच्या कृषी विद्यापीठापासून जवळ आहे आणि शिरापूर सोलापूरपासून. पाणी आता कोणाच्या विहिरीत उरले आहे, सालगड्याची नातवंडे काय करतात, लांब दिलेल्या लेकींच्या लेकी कुठे दिल्या गेल्या, हे प्रश्न मराठीत विचारता येतील आणि उत्तरे मराठीतच मिळतील. एखाद्या विभागाने पाच विद्यार्थ्यांना पाच वर्षे त्याच चाळीस घरांशी बांधून घेतले, तर पुढचा खंड इथेच लिहिला जाईल.